चौतीस मिनिटं, तीन दशकांचा वाद

अल्बम : ‘स्लॉटर ऑफ द सोल’ (१९९५)
बँड : अ‍ॅट द गेट्स, गोथेनबर्ग, स्वीडन
निर्मिती : फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम, स्टुडिओ फ्रेडमन
गाणी ११, लांबी जेमतेम ३४ मिनिटं

मेलोडिक डेथ मेटल कुठून ऐकायला सुरुवात करावी, असं विचारलं की जुने श्रोते बहुतेकदा याच अल्बमकडे बोट दाखवतात. गाणी आटोपशीर, गिटारच्या सुरावटी पहिल्याच ऐकण्यात डोक्यात बसणाऱ्या, आणि टोमास लिंडबर्गचा आवाज घसा फाटेल की काय असा.

नाकं मुरडणारेही आहेतच. १९९२च्या पहिल्या अल्बमात व्हायोलिन होतं, वाकडीतिकडी वळणं घेत जाणाऱ्या रचना होत्या. गिटारवादक आल्फ स्वेन्सन बाहेर पडला, नि बँडने सोपी, सरळ वाट धरली, असं ही मंडळी म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. पण ‘कोल्ड’मधला किंग डायमंडच्या अँडी लारॉकचा पाहुणा सोलो ऐकावा : धबडग्यातून एकदम स्वच्छ, गाता सूर वर येतो. एवढ्या थोड्या जागेत इतकं नेमकं वाजवणं सोपं नव्हे.

दुसरी तक्रार जरा गमतीची. पुढे अमेरिकेतल्या मेटलकोर बँड्सनी या रिफ्सची इतकी नक्कल केली, की नव्या कानांना मूळ अल्बमच ऐकल्यासारखा वाटतो! बँड मात्र १९९६मध्येच फुटला. ब्योर्लर जुळे भाऊ आणि ड्रमर एर्लांडसन ‘द हाँटेड’मध्ये गेले. अ‍ॅट द गेट्सचा पुढचा अल्बम यायला २०१४ उजाडलं.