थकलेले पाय आणि दीर्घ पल्ला : ट्रायथलॉनच्या सरावातील एक प्रश्न



स्मृतिव्याख्यानासाठी मी क्रीडेचा विषय निवडला याचे काहींना नवल वाटेल. परंतु अलीकडच्या काळात केरी, पालये, हरमल या आपल्या टापूतील तरुण पहाटेच्या अंधारात सायकली घेऊन पेडण्याच्या चढावर दिसू लागले आहेत. त्यांतील बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करतात. ते माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो : मुख्य शर्यत दोन महिन्यांवर आहे, सराव ऐन भरात आहे, पाय जड झाले आहेत, अशा वेळी मध्येच आलेली दुसरी शर्यत करावी की सोडावी?

या प्रश्नाला ‘हिंमत असेल तर कर’ असे उत्तर देणे सोपे आहे आणि ‘जिवाला जप’ असे सांगणेही सोपे आहे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण थकवा म्हणजे नेमके काय, याचा विचार त्यांत नाही. चुकीच्या निर्णयाची किंमत मात्र मोठी असते. कधी वर्षभराचा सराव वाया जातो, तर कधी प्रकृतीच बिघडते. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहू.

१. शर्यतीचे स्वरूप

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन क्रीडा एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता करणे म्हणजे ट्रायथलॉन. तिचा सर्वांत प्रसिद्ध दीर्घ प्रकार हवाई बेटांवर जन्मला. जलतरणपटू, सायकलपटू आणि धावपटू यांत सर्वांत कणखर कोण, या वादातून अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांना ही कल्पना सुचली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर १५ जण शर्यतीला उभे राहिले. त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलर यांना ११ तास ४६ मिनिटे लागली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे ही अंतरे तेव्हापासून रूढ झाली.

याच्या निम्म्या अंतराची शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप होते. महासाथीमुळे मध्ये खंड पडला आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्याआधी २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथे पूर्ण अंतराची शर्यत संपवली, तेव्हा हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या शर्यतीत धावणे शेवटी असते. म्हणजे ताज्या पायांनी आलेल्या माणसालाही शेवटचा टप्पा थकलेल्या पायांनीच पार करावा लागतो. थकव्याशी व्यवहार करणे हाच या क्रीडेचा गाभा आहे. त्यामुळे थकलेल्या पायांनी शर्यतीला उभे राहण्याचा प्रश्न येथे जितका अर्थपूर्ण ठरतो, तितका शंभर मीटरच्या शर्यतीत ठरणार नाही.

२. थकवा एक नसतो

‘पाय थकले’ असे आपण सहज म्हणतो, पण या दोन शब्दांमागे निदान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात.

पहिला थकवा इंधनाचा. आपण खाल्लेल्या पेजेतील, भातातील पिष्ट पदार्थ शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, एवढीच ही कोठी असते. लांब सराव झाला की ती रिकामी होते. भरपूर पिष्टमय आहार घेतला तरी पुन्हा भरण्यास साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ जातो. पोटभर जेवण आणि शांत झोप हा या थकव्यावरचा उपाय आहे.

दुसरा थकवा स्नायूंच्या इजेचा. धावताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. उतारावर हा ताण विशेष वाढतो. त्यातून स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एक ते तीन दिवसांनी ठणका सर्वाधिक जाणवतो. सायकल चालवताना असा ताण फारसा पडत नाही, पोहताना त्याहून कमी पडतो. म्हणून शर्यतीपूर्वीच्या आठवड्यात केलेले लांब धावणे जेवढे नडते, तेवढे लांब पोहणे नडत नाही. हा थकवा जेवणाने जात नाही, त्याला दिवसच द्यावे लागतात.

तिसरा थकवा मेंदूचा. वेल्समधील संशोधक सॅम्युएल मार्कोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना ९० मिनिटे एकाग्रतेचे बौद्धिक काम दिले आणि मग ठरावीक जोराने सायकल चालवण्यास सांगितले. त्यांची दमून थांबण्याची वेळ सरासरी सुमारे १५ टक्के आधी आली. हृदय आणि स्नायू यांच्या कार्यात मात्र त्याला पुरेसे कारण सापडले नाही. तेच श्रम त्यांना अधिक जड वाटले, एवढेच. दिवसभर कचेरीत हिशेब तपासून संध्याकाळी धावणाऱ्याला आपले पाय का चालत नाहीत, याचा एक खुलासा येथे मिळतो.

३. थकव्याखाली दडलेली शक्ती

१९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याचे विवेचन केले. ताण सोसण्याजोगा असेल आणि नंतर विसावा मिळाला तर शरीर जुळवून घेते. ताण सतत राहिला तर ते कोलमडते. पुढे १९७५ च्या सुमारास कॅनडातील एरिक बॅनिस्टर यांनी हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला. प्रत्येक सरावातून दोन गोष्टी एकाच वेळी निर्माण होतात, एक क्षमता आणि दुसरा थकवा. थकवा प्रथम मोठा असतो, पण तो साधारण एक-दोन आठवड्यांत ओसरू लागतो. क्षमता मात्र त्याच्या कितीतरी मंद गतीने, सुमारे सहा आठवड्यांच्या मापाने उतरते. या दोहोंची वजाबाकी म्हणजे त्या दिवशीची कामगिरी.

म्हणूनच मुख्य शर्यतीपूर्वी सराव उतरता ठेवतात. २००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करणे आणि त्याचा जोर तसाच राखणे सर्वाधिक लाभदायक आढळले. थकवा गळून पडतो आणि खालची क्षमता दिसू लागते.

यावरून भर सरावातील शर्यतीचे मर्म कळते. त्या दिवशीची वेळ ही आपल्या क्षमतेचे माप नव्हे, तर वजाबाकीनंतर उरलेला आकडा होय. तो पाहून खचण्याचे कारण नाही. शिवाय अशा प्रत्येक शर्यतीसाठी दोन आठवडे सराव उतरवला तर क्षमता घडवण्याचा काळच हातातून निसटतो.

४. मग अशी शर्यत करावी कशाला?

आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शर्यतीचा सर्वांत जड सराव नेमका पावसाळ्यात येतो. त्या दिवसांत तेरेखोलच्या मुखाशी नदीचा लोंढा आणि समुद्र एकमेकांना भिडलेले असतात. केरीच्या किनाऱ्यावर पोहायला उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून तरणतलावाचाच आश्रय घ्यावा लागतो. रस्ते निसरडे असतात आणि चवथीच्या दिवसांत घरचे कर्तव्यही असते. अशा काळात आखीव मार्ग, पाण्यात रक्षक आणि वाटेत पाणी देणारे स्वयंसेवक असलेली शर्यत मिळाली, तर ती उत्तम रंगीत तालीम ठरते. पोहून आल्यावर सायकलवर बसताना काय खावे, कोणता बूट बोचतो, दमटपणात किती पाणी लागते, हे अशा दिवशी कळते.

मी स्वतः पूर्ण अंतराच्या तयारीत असताना निम्म्या अंतराची एक शर्यत अशीच, आठवड्याचा सराव फारसा न घटवता केली. आदल्या दोन दिवसांत फक्त धावणे वगळले. सायकलीवर मुद्दाम हात राखला आणि धावण्याचे पहिले पाच किलोमीटर मनाला लाज वाटेल इतके सावकाश गेलो. ठरवलेला वेग शेवटपर्यंत टिकला आणि चौथ्या दिवशी मी पुन्हा सरावाला लागलो. माझ्या दृष्टीने त्या शर्यतीचे यश पदकात नसून त्या चौथ्या दिवसात होते.

सायकलीवर हात राखण्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. हवेचा विरोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक खर्च होते. थकलेल्या माणसाला हा सौदा परवडत नाही. तसेच मनगटावरील घड्याळावर सर्वस्वी विसंबू नये. साचलेल्या थकव्यात नाडी पुष्कळदा हवी तेवढी चढतच नाही. आकडा कमी दिसतो आणि श्रम मात्र जास्त झालेले असतात. अशा वेळी ‘मला हे किती जड वाटते आहे’ हा साधा प्रश्न अधिक खरा मार्गदर्शक ठरतो.

५. थांबण्याची जागा

काही खुणा दिसल्या तर शर्यतीला उभेच राहू नये. ताप असणे, हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवता येईल अशी वेदना, चालीत लंगडेपणा, कित्येक दिवस उडालेली झोप आणि सकाळची नेहमीपेक्षा चढलेली नाडी या त्या खुणा होत. शर्यतीत छातीत दुखणे, भोवळ, दमट उकाड्यात अंगावर काटा येणे किंवा बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबून मदत मागावी. नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे, कारण मोडलेल्या स्नायूंचे द्रव्य मूत्रपिंडांना बाधते.

पाण्याबाबतही तारतम्य हवे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या तपासणीत १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर कमी आढळले. अतिरिक्त द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. तहानेइतके प्यावे, हट्टाने पिऊ नये.

आपल्या परंपरेत थकलेल्या पायांचे शास्त्र अगदी अनोळखी नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी जवळपास तीन आठवड्यांत चालतो. पाय रोजच थकलेले असतात, तरी तो पोहोचतो, कारण रोजची मजल बेताची असते आणि मुक्काम ठरलेला असतो. मुक्काम हा त्या चालण्याचाच भाग आहे.

माझ्या तरुण मित्रांना माझे उत्तर एवढेच आहे. मधली शर्यत अवश्य करा. पण ती मजल म्हणून करा, पंढरपूर म्हणून नव्हे. उभे राहण्यापूर्वी स्वतःला विचारा, आजचा थकवा इंधनाचा, स्नायूंचा की मनाचा? आणि पुढच्या आठवड्याचा सराव शाबूत राहील इतकेच त्या दिवशी खर्च करा. शाळेने आपल्याला परीक्षा आणि अभ्यास यांतला फरक शिकवला. तोच फरक येथे उपयोगी पडतो, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.