मंद लेझर आणि हाडांच्या पेशी

शस्त्रक्रियेचा लेझर ऊती कापतो किंवा जाळतो. मंद लेझरची शक्ती मात्र साधारणपणे अर्ध्या वॅटच्या आत असते आणि त्याने ऊती फारशी तापत नाही. त्याचा प्रकाश लाल किंवा अवरक्त, ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. १९६७ मध्ये बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर यांना रुबी लेझर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर केस लवकर उगवलेले दिसले. मंद लेझरच्या उपचाराचा अभ्यास तिथून सुरू झाला.

हाड आयुष्यभर विरघळत आणि नव्याने बांधले जात असते. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात, तर ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे घडवतात. लेझरचा प्रकाश पेशीतील तंतुकणिकांमध्ये, मुख्यतः सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकरात, शोषला जातो असे मानले जाते. त्यामुळे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीची निर्मिती वाढते आणि पेशीच्या वाढीचे संदेश जागे होतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऑस्टिओब्लास्ट पेशींची संख्या, त्यांतील अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर आणि कॅल्शियमचा साठा प्रकाशामुळे वाढल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे.

हाड विरघळवणाऱ्या पेशींवरही प्रकाशाचा परिणाम होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात लेझर दिलेल्या उंदरांचे दात तारेच्या ओढीने अधिक वेगाने सरकले आणि ऑस्टिओक्लास्टची संख्याही वाढली. दात सरकण्यासाठी एका बाजूचे हाड विरघळावे लागते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार व्हावे लागते. म्हणूनच या विषयात दंतवैद्यकाला विशेष रस आहे. नेरूळ, खारघर आणि कामोठे येथील दंत महाविद्यालयांमुळे नवी मुंबईत दातांना तारा लावणे किंवा इम्प्लांट बसवणे आता नित्याचे झाले आहे. अशा उपचारांचे महिने कमी करता येतील का, हा इथला व्यवहारी प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मात्रेवर अवलंबून आहे. दर चौरस सेंटिमीटरला काही ज्यूल प्रकाश पेशींना चालना देतो. त्याहून फार कमी दिल्यास परिणाम दिसत नाही, तर फार जास्त दिल्यास पेशींचे काम मंदावते. तरंगलांबी, वेळ आणि बैठकांची संख्या प्रत्येक चाचणीत वेगळी असल्याने माणसांवरील निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही चाचण्यांत दात लवकर सरकले, काहींत फरक पडला नाही.

उपचाराच्या वेळी रुग्ण आणि डॉक्टर दोघांनीही संरक्षक चष्मा लावणे आवश्यक असते. कर्करोगाच्या गाठीवर थेट प्रकाश देणे टाळले जाते. मोडलेले हाड सांधण्यासाठी प्लास्टर आणि शस्त्रक्रिया हेच प्रमुख उपचार आहेत. लेझरची भूमिका फार तर पूरक आहे.