कुणाची लिंक मोलाची, कुणाची फुकाची?



मागच्या भागात आपण गटाची वेबसाइट कशी उभी करायची ते बोललो. त्यानंतर सेलू, मानवत, पालम, सगळीकडून जवळजवळ एकच प्रश्न आला. वेबसाइट झाली, फोटो लावले, भाव टाकले. पण गूगलवर ‘ज्वारीचं पीठ परभणी’ असं लिहिलं की आपलं नाव दिसतच नाही. चौथ्या-पाचव्या पानापर्यंत कोण जातं बघायला? मग हा वर-खाली नंबर ठरवतं तरी कोण?

ठरवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पानावर काय लिहिलंय, मोबाइलवर ते नीट उघडतं का, शोधणारं माणूस कोणत्या गावातून शोधतंय, हे सगळं त्यात येतं. पण आज एकाच गोष्टीवर बोलू, कारण तिच्या नावाखाली गटांना पैसे मागणारे फोन यायला लागलेत. ती गोष्ट म्हणजे बॅकलिंक.

लिंक आपण रोज दाबतो. निळ्या अक्षरांची ओळ असते, बोट लावलं की दुसरं पान उघडतं. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवर आपल्या वेबसाइटची अशी लिंक असेल, तर ती आपली बॅकलिंक. पुस्तकी मराठीत लिंकला दुवा म्हणतात. आपल्या परभणीत दुवा म्हणजे आशीर्वाद, उरुसात दर्ग्यावर जाऊन मागतात तो. दोन्ही अर्थ इथं चालतात असं आम्हाला वाटतं.

गूगलचा जन्मच या दुव्यांतून झाला. १९९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी शोधयंत्रावर काम करत होते. त्याचं पहिलं नाव त्यांनी ‘बॅकरब’ ठेवलं होतं, कारण ते बॅकलिंका मोजायचं. १९९८ मध्ये त्याची गूगल कंपनी झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. कोणतंही पान स्वतःविषयी चांगलंच सांगणार. खरं काय ते दुसरे त्याच्याकडे बोट दाखवतात का, यावरून कळेल.

हे आपल्याला नवीन नाही. पोरीला स्थळ आलं की आपण काय करतो? मुलाच्या मामाचं बोलणं ऐकून घेतो, मान हलवतो. पण त्याच गावात दिलेली आपल्या ओळखीची लेक काय म्हणते, शाळेचे गुरुजी काय म्हणतात, त्यावर पुढचं ठरतं. आणि जो माणूस प्रत्येक स्थळाला ‘लय चांगलं’ म्हणतो, त्याचा शब्द कुणी धरत नाही.

गूगलच्या मूळ हिशोबातही हेच होतं. ज्या पानाकडे पुष्कळ जण बोट दाखवतात त्या पानाला वजन. ते पान पुढं ज्यांच्या लिंका देतं, त्यांच्यात ते वजन वाटलं जातं. समजा एका पानाकडे १० पायल्या आहेत आणि त्यावर ५ लिंका आहेत, तर प्रत्येकीच्या पदरात २ पायल्या. त्याच पानावर ५०० लिंका असतील तर मूठभर मिळाले तरी पुष्कळ. आजचं गणित याहून खूप गुंतागुंतीचं झालंय, आणि लिंकांचं महत्त्व पूर्वीइतकं उरलं नाही असं गूगलची माणसंच सांगतात. तरी विचार तोच आहे.

आता लिंकांचे प्रकार बघू. सगळ्यात मोलाची लिंक म्हणजे कुणीतरी आपणहून, विषय धरून दिलेली. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. आपल्या कृषी विद्यापीठानं, म्हणजे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं, इक्रिसॅट या संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची जात आणली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. समजा एखादा गट या ज्वारीचं पीठ विकतो आणि त्यानं आपल्या पानावर ती कशी पेरली, कशी दळली, भाकरी कशी होते हे नीट लिहिलंय. उद्या एखाद्या वर्तमानपत्रानं पौष्टिक ज्वारीवर लेख केला आणि ‘पीठ इथं मिळतं’ म्हणून त्या पानाची लिंक दिली, तर ती खरी साक्ष झाली. सांगणारा ओळखीचा, विषय तोच, आणि कुणी पैसे दिलेले नाहीत.

लिंक कोणत्या शब्दांवर बसवली आहे तेही गूगल वाचतं. ‘इथे दाबा’ यावरून त्याला काही कळत नाही. ‘परभणी शक्ती ज्वारीचं पीठ’ या शब्दांवर लिंक असेल तर पुढच्या पानावर काय आहे ते समजतं. पण शंभर ठिकाणांहून शंभर लिंका अगदी त्याच शब्दांवर आल्या, तर साक्षीदार पढवून आणलेत हेही त्याला समजतं.

एक समज मात्र काढून टाका. सरकारी किंवा कॉलेजच्या साइटची लिंक मिळाली की आपोआप नंबर वर, असं नसतं. सरकारी पत्त्याला वेगळे गुण मिळत नाहीत. अशा साइटकडे मुळात खूप जणांनी बोट दाखवलेलं असतं, म्हणून तिला वजन असतं. याच वजनाच्या लोभानं चोर सरकारी साइटमध्ये शिरतात. २०२४ मध्ये आपल्या देशातल्या काही राज्यांच्या सरकारी वेबसाइटांवर सट्ट्याच्या जाहिरातींची पानं घुसवलेली उघडकीला आली. योजनेचा अर्ज शोधायला जावं आणि पुढं जुगार उघडावा, अशी गत.

दुसरा प्रकार आहे चिठ्ठी लावलेल्या लिंकांचा. पूर्वी लोक दुसऱ्यांच्या लेखाखाली ‘छान माहिती’ लिहून खाली आपली लिंक चिकटवायचे. त्यावर उपाय म्हणून २००५ मध्ये ‘नोफॉलो’ नावाची खूण आली. ती वाचणाऱ्याला दिसत नाही, पानाच्या आतल्या लिखाणात असते. ती गूगलला सांगते की ही लिंक इथं आहे, पण आम्ही हिची साक्ष देत नाही. २०१९ मध्ये अजून दोन खुणा आल्या, एक पैसे घेऊन दिलेल्या लिंकेसाठी आणि एक वाचकांनी टाकलेल्या लिंकेसाठी. तेव्हापासून गूगल या खुणा पक्का हुकूम न मानता इशारा म्हणून बघतं. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंका नोफॉलो असतात, फेसबुकवरच्याही बहुतेक तशाच. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आपण दिवसभर लिंक फिरवतो ती तर गूगलला दिसतच नाही. म्हणून ती फिरवायची नाही का? जरूर फिरवा. तिच्यावरून गिऱ्हाईक येतं, आणि शेवटी आपल्याला तेच पाहिजे. नंबर वाढेल या आशेवर मात्र राहू नका.

तिसरा प्रकार विकतच्या आणि अदलाबदलीच्या लिंकांचा. ‘तू माझी लाव, मी तुझी लावते’ हे दोन शेजारणींत एखाद्या वेळी चालून जातं. पण फक्त त्यासाठीच पानंच्या पानं भरली, की गूगल ती लबाडी धरतं. अमेरिकेत जेसी पेनी नावाचं खूप मोठं दुकान आहे. सणाच्या हंगामात कपड्यांपासून फर्निचरपर्यंत काहीही शोधलं तरी तेच पहिलं यायचं. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छडा लावला, तेव्हा कपड्यांशी काही संबंध नसलेल्या असंख्य साइटांवर त्याच्या लिंका पेरलेल्या सापडल्या. गूगलनं कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात हे दुकान दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेलं. पुढं एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं अशा लिंका पकडणारी ‘पेंग्विन’ नावाची व्यवस्था आणली. डिसेंबर २०२२ पासून तर विकतच्या लिंका यंत्रच ओळखतं आणि त्यांचं वजन शून्य धरतं. म्हणजे शिक्षा झाली नाही तरी पैसे पाण्यात जातात.

आता त्या फोनकडे येऊ. आमच्या प्रभागातल्या एका गटाला सांगितलं गेलं, १२,००० रुपये द्या, ५,००० बॅकलिंका देतो, महिन्यात पहिला नंबर. गटात १० बाया, महिन्याची बचत प्रत्येकी १०० रुपये. म्हणजे सगळ्यांची मिळून अख्ख्या वर्षाची बचत. बैठकीत त्यांनी फोनवाल्याला स्पीकरवर घेतलं आणि विचारलं, कोणत्या साइटवर लिंका लावणार त्यांची नावं सांगा. नावं आली नाहीत. मग सचिव म्हणाली, बँकेत जामीनदाराचं नाव सांगितल्याशिवाय आपल्याला कर्ज देतात का? ठराव झाला नाही, पैसे खात्यातच राहिले. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनंच लिहून ठेवलंय.

मग आपण काय करायचं? ज्यांच्याशी आपलं खरं काम आहे त्यांच्याकडे जायचं. ज्या प्रदर्शनात स्टॉल लावला त्याच्या आयोजकांच्या साइटवर सहभागी गटांची यादी असते, तिथं आपली लिंक मागा. माल घेणाऱ्या दुकानाला सांगा. तालुक्याचा बातमीदार बातमी करायला आला तर त्याला वेबसाइटचा पत्ता लिहून द्या. बातमीत नाव येतं, पण पत्ता बहुतेक वेळा राहून जातो. परभणी शहरातलंच गिऱ्हाईक हवं असेल तर गूगलच्या नकाशावर गटाची नोंद करा. ती फुकट आहे. तिथं नंबर ठरताना ठिकाण किती जवळ आहे आणि माल शोधाशी जुळतो का, हे बघतात. नावाजलेपणही बघतात आणि लिंका त्यातच मोडतात.

आणि आपल्याला कुणी-कुणी लिंक दिलीय ते पाहायचं असेल तर ‘सर्च कन्सोल’ नावाची गूगलची सोय आहे, तीही फुकट. वेबसाइट आपली आहे हे एकदा दाखवून द्यावं लागतं, मग ‘लिंक्स’ या भागात यादी दिसते. त्यात अनोळखी, भलत्याच साइटा दिसल्या तर घाबरू नका. अशा लिंका न मागताही येतात आणि गूगल बहुतेक वेळा त्या सोडून देतं. त्या नाकारण्याचं वेगळं साधन २०१२ पासून आहे, पण बहुतेक साइटांना ते वापरायची गरज पडत नाही. ‘तुमच्या साइटला वाईट लिंका लागल्यात, पैसे द्या, काढून देतो’ असाही एक फोन येतो. तो आला तर आधी ही यादी उघडा, प्रभाग संघाच्या बैठकीत दाखवा, आणि मगच काय ते बोला.