लोहाराची उमेदवारी

लोहाराची उमेदवारी म्हणजे लोखंड तापवून व ठोकून त्याला आकार देण्याचे काम शिकण्याचा आरंभीचा काळ होय. या काळात नवशिका भाता, घण, हातोडा आणि शेवटी हत्याराला पाणी देणे अशा क्रमाने काम शिकतो व त्याच ओघात स्वतःची हत्यारे घडवितो. सुताराला वाकस व पटाशीसाठी आणि चांभाराला रापीसाठी लोहाराकडे जावे लागते. लोहार मात्र आपली सांडशी, सुंभा, छिन्नी, इतकेच नव्हे तर हातोडाही आपल्याच भट्टीत करू शकतो. त्यामुळे या व्यवसायात हत्यार घडविणे हे शिक्षण संपल्यावरचे काम नसून शिक्षणाचीच पद्धत आहे. चुकीची घडलेली छिन्नी पहिल्या दहा घावांत तुटते आणि विद्यार्थ्याचा निकाल गुरूने सांगण्याआधीच लागतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात लोखंडाच्या कामाची परंपरा फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे झालेल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. त्याच जिल्ह्यातील माहुरझरी येथील शिलावर्तुळांत कुऱ्हाडी, छिन्न्या व घोड्याचे लगाम अशा लोखंडी वस्तू मिळाल्या आहेत. पुढे गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक झाला. फाळ, कुळव, विळे, खुरपी यांची वर्षभराची दुरुस्ती त्याने करावी आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. गावोगाव फिरून काम करणाऱ्या घिसाडी समाजात पुरुष सांडशीने लोखंड धरून बसतो आणि घरातील स्त्री उभी राहून घण घालते. हे दृश्य आठवडी बाजारांत अजूनही दिसते. घणाचे काम स्त्रियांना जमत नाही, असे मानणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

मराठी भाषेने या कामातून बरेच घेतले आहे. प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो तो लोहाराच्या ऐरणीवरच. ‘पाणीदार’ हा शब्दही पाणी दिलेल्या धारेशी जोडलेला आहे. बोथट झालेला फाळ किंवा कुऱ्हाड तापवून पुन्हा धारेला आणणे याला ‘शेवटणे’ म्हणतात. हा शब्द शहरी वापरातून जवळजवळ गेला असला, तरी शेतकऱ्यांच्या तोंडी तो टिकून आहे.

शिकण्याचा क्रम

परंपरेने मुलाला प्रथम भात्यावर बसविले जाई. हे हलके काम वाटते, पण लोखंडाचा रंग ओळखण्याचे शिक्षण तेथेच होते. अंधुक लाल रंग सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला दिसतो. नारिंगी रंग साधारण ९०० ते १००० अंशांना आणि पिवळा ११०० अंशांच्या पुढे येतो. पांढऱ्या रंगावर जाऊन लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, तर ते जळू लागले असे समजावे. असा जळालेला भाग पुन्हा दुरुस्त होत नाही, तो तोडूनच टाकावा लागतो. लोहाराची भट्टी सावलीत किंवा अंधुक उजेडात असते, याचे कारणही हेच आहे. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि नवशिका लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवितो.

भात्यानंतर घण येतो. मुख्य कारागीर लहान हातोड्याने ज्या जागी हलका ठोका देतो, तेथेच घणकऱ्याने घण घालायचा असतो. कारागिराने हातोडा लोखंडावर न मारता ऐरणीवर टेकविला की थांबायचे. या कामात बोलणे फारसे नसते. घाव कोठे, किती जोराचा आणि केव्हा थांबवायचा, हे सारे ठोक्यांच्या भाषेत चालते.

ज्याला घरात ही परंपरा नाही, अशा नवशिक्याला सुरुवात एकट्याने करावी लागते. त्याला पहिली अडचण ऐरणीची येते. चांगली ऐरण महाग असते. पण रेल्वेच्या रुळाचा ३० ते ४० सेंटीमीटर लांबीचा तुकडा लाकडी ओंडक्यात उभा रोवला तर काम भागते. रूळ आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवणे चांगले, कारण मग सगळे वजन थेट घावाखाली येते. असा तुकडा अधिकृत भंगार व्यापाऱ्याकडून पावतीसह घ्यावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदेशीरपणे बाळगणे हा १९६६ च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. उभ्याने काम करणाऱ्याने हात सरळ खाली सोडून मूठ वळविली असता ती जेथे येते, तेवढी ऐरणीची उंची ठेवावी. बसून काम करण्याच्या आपल्याकडील पद्धतीत ऐरण जमिनीलगत असते.

भट्टीत लाकडी किंवा दगडी कोळसा वापरतात. वारा जास्त झाला तर लोखंडावर काळा पापुद्रा भराभर धरतो आणि धातू वाया जातो. म्हणून तुकडा नळीच्या तोंडाशी न धरता विस्तवाच्या मध्यभागी, वर कोळसा ओढून ठेवावा. दगडी कोळशात साचणारा खंगर अधूनमधून काढला नाही, तर वाऱ्याची वाट बंद होते. नवशिका मात्र लोखंडालाच दोष देत बसतो.

हत्यारे घडविणे

येथे एक जुना पेच आहे: सांडशी घडवायची तर तापलेले लोखंड धरायला सांडशी हवी. त्यातून वाट अशी निघते की, पहिली कामे लांब सळईवर करायची. साध्या लोखंडाची ६० ते ७० सेंटीमीटर सळई एका टोकाला तापविली, तरी दुसरे टोक हातात धरण्याइतके थंड राहते. या सळईतून विस्तव सारण्याची आकडी घडविली जाते. तिचे टोक निमुळते करताना लांबविणे आणि मूठ वळविताना वाकविणे या दोन क्रिया शिकून होतात. टोक गोल हवे असले तरी आधी चौकोनी, मग अष्टकोनी व शेवटी गोल करावे. थेट गोल करण्याचा प्रयत्न केला तर सळई आतून फाटते.

दुसरे काम सांडशीचे. तिला जबडा, सांधा व दांड्या असे तीन भाग असतात. नवशिके येथे हमखास एक चूक करतात. सांडशीचे दोन अर्धे भाग एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबासारखे असावेत, असे त्यांना वाटते आणि ते एक डावा व एक उजवा भाग घडवितात. मग दोन्ही भाग एकमेकांवर बसतच नाहीत. वास्तविक दोन्ही भाग हुबेहूब सारखे लागतात. त्यांतील एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला की सांडशी तयार होते. सांध्यात रिबिट ठोकल्यावर ती घट्ट बसते, तेव्हा सांधा पुन्हा लाल तापवून दांड्या उघडझाप करीत थंड होऊ द्याव्यात, म्हणजे ती मोकळी चालते. सांडशी साध्या, कमी कार्बनच्या लोखंडाचीच करावी. ती दिवसभर विस्तवात तापते आणि पाण्यात बुडते. पोलादाची केली तर प्रत्येक बुडवणीत कडक होऊन एखाद्या दिवशी हातातच तुटेल.

रिबिटासाठी भोक पाडताना सुंभा लागतो. सुंभा तीन-चार घावांनंतर बाहेर काढून पाण्यात बुडवावा, नाहीतर तो स्वतःच तापून भोकात फुगतो व अडकतो. भोकात कोळशाची चिमूटभर पूड टाकली तर तो चिकटत नाही. खालची ऐरण लागल्याचा आवाज आला की तुकडा उलटा करावा. मागच्या बाजूला एक काळसर ठिपका दिसतो. त्यावर सुंभा ठेवून एक घाव घातला की मधली चकती निघून भोक स्वच्छ पडते.

छिन्नी हा उमेदवारीतील खरा कस. तोवरची कामे आकाराची होती. छिन्नीत मात्र आकार बरोबर येऊनही हत्यार निकामी ठरू शकते. तिला पोलाद लागते आणि नवशिक्याला ते बहुधा मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून किंवा गुंडाळी स्प्रिंगमधून मिळते. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, तर साध्या लोखंडात ०.२५ टक्क्यांहून कमी असतो. भंगारातील तुकडा कोणता हे ठरविण्यासाठी त्याचे टोक लाल तापवून पाण्यात बुडवावे आणि गार झाल्यावर कापडात गुंडाळून ठोकावे. साधे लोखंड वाकते, पोलाद काचेसारखे तुटते. ग्राइंडरवर साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ पडतात, पोलादाच्या ठिणग्यांना मात्र फाटे फुटतात.

छिन्नी घडून झाल्यावर ती दोन-तीन वेळा लाल तापवून हवेत सावकाश थंड करतात, म्हणजे ठोकण्यामुळे धातूत आलेला ताण निघतो. मग पाणी देण्याची वेळ येते. शास्त्रीय भाषेत हे कठिनीकरण होय. तापमान ओळखण्यासाठी लोहचुंबक उपयोगी पडतो. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते, आणि त्याहून किंचित जास्त ताप झाला की ते बुडविण्यास योग्य ठरते. धारेकडचा दोन-तीन सेंटीमीटर भागच बुडवायचा. स्प्रिंगचे पोलाद थंड पाण्यात तडकण्याचा धोका असतो, म्हणून कोमट केलेले तेल बरे. तेल पेटू शकते, यासाठी धातूचे भांडे व त्यावर झाकण जवळ हवे.

बुडविलेली धार अतिशय कडक, पण ठिसूळ असते. तिचा ठिसूळपणा उतरविण्याची पुढची पायरी पाहण्यासारखी आहे. धार लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केली की, मागील भागातील उष्णता पुढे सरकू लागते व धारेकडे रंगांचे पट्टे येताना दिसतात. सुमारे २२० ते २३० अंशांना फिका गवती पिवळा दिसतो, २५० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० जवळ निळा. वस्तऱ्याला पिवळा रंग पुरतो. थंड लोखंड तोडणारी छिन्नी मात्र घाव सोसणारी हवी, म्हणून जांभळा रंग धारेपर्यंत पोचताच ती पुन्हा बुडवितात. हे सारे काही सेकंदांत घडते. पिवळ्यावर थांबविलेली छिन्नी पहिल्याच जोराच्या घावाला टवका टाकते. रंग निळ्याच्याही पलीकडे जाऊ दिला तर तिची धार दुमडते. आपली पहिली छिन्नी दोन्हींपैकी एका मार्गाने गमावली नाही, असा लोहार विरळा.

छिन्नीच्या डोक्याला मात्र पाणी द्यायचे नसते. डोके मऊ ठेवले तर हातोड्याखाली ते हळूहळू पसरते. कडक केले तर त्याचे तुकडे उडतात. पसरलेल्या डोक्याच्या कडाही वेळोवेळी घासून टाकाव्यात, कारण त्या सुटून डोळ्यात जाऊ शकतात.

हातोडा शेवटी येतो, कारण त्याला एकट्याचा हात पुरत नाही. मध्यम कार्बनच्या पोलादाचा ४ सेंटीमीटर चौरस व ८.५ सेंटीमीटर लांबीचा तुकडा भरतो सुमारे १ किलो. त्यात दांड्याचे नेढे आरपार पाडण्यासाठी एकाने तुकडा व सुंभा धरावा आणि दुसऱ्याने घण घालावा लागतो. नेढे मध्यभागी अरुंद व दोन्ही तोंडांना किंचित रुंद ठेवतात, म्हणजे दांडा खालून घट्ट बसतो आणि वरून पाचर मारल्यावर निसटत नाही. दांड्याला बाभळीचे वाळलेले लाकूड चालते. दोन्ही तोंडांना पाणी देतात, नेढ्याभोवतीचा भाग मऊच राहू देतात. हातोड्याचे तोंड सपाट पण कडांना किंचित गोलसर घासावे. तीक्ष्ण कड राहिली तर तिचे वळ पुढच्या प्रत्येक कामावर उमटतात.

सुरक्षितता

डोळ्यांना चष्मा, अंगावर सुती कपडे व पायांत बंद बूट हवेत. कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. जस्ताचा मुलामा असलेले नळ किंवा पत्रे भट्टीत कधीही घालू नयेत. त्यांच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. बंद खोलीत कोळसा पेटविल्यास कार्बन मोनॉक्साईड साचतो व तो वासाने कळत नाही. काळा पडलेला तुकडा थंड असतोच असे नाही. लोहारशाळेतील बहुतेक भाजण्या लाल नव्हे, तर काळ्या दिसणाऱ्या लोखंडाने होतात.

सद्यःस्थिती

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत ‘फोर्जर अँड हीट ट्रीटर’ हा व्यवसाय आहे, आणि कारखान्यांतील उमेदवारीसाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ लागू आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आहेत. हातोडा व हत्यारसंच बनविणारे यांची नोंद त्यात वेगळी केलेली आहे. योजनेत ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. वयाची अट किमान १८ वर्षांची आहे. मदत उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि विकत घेतलेल्या छिन्नीला पाणी आधीच दिलेले असते, आणि तिची धार गेल्यावर ती शेवटण्यासाठी रंगांचे तेच पट्टे ओळखावे लागतात. ते आठवडाभरात डोळ्यांत बसत नाहीत. ज्या गावांत पावसाळ्यापूर्वी फाळ व कुळवाच्या फाशी शेवटून घेण्याची रीत अजून आहे, तेथे वैशाख-ज्येष्ठात लोहारशाळेत सर्वाधिक काम असते. जवळ बसून पाहू इच्छिणाऱ्या नवशिक्याला घण घालण्याची पहिली संधी बहुधा याच दिवसांत मिळते.