'त्यु' म्हणायचं की 'वू'?

अकरावीला फ्रेंच का घेतलं, असं विचारलं तर बहुधा एकच उत्तर येतं : मार्क चांगले पडतात. पदवीला घेणारा नोकरीचं कारण देतो. दोन्ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांतून एक समज रुजला आहे की भाषा हे कौशल्य आणि साहित्य-संस्कृती ही हौस. 'ए-वन'पासून 'सी-टू'पर्यंतच्या भाषा-प्रावीण्याच्या सहा पायऱ्या क्लासमध्ये चढता येत असतील, तर विद्यापीठात बसून जुनी नाटकं कशाला वाचायची? ही वाटणीच मुळात चुकीची आहे. साहित्य बाजूला काढलं की हाती उरणारी भाषाही अर्धीच असते.

व्याकरणाचंच उदाहरण घेऊ. घडून गेलेली गोष्ट सांगायला फ्रेंचमध्ये दोन रूपं आहेत. 'पासे काँपोझे' बोलण्यातलं. 'पासे सँप्ल' छापील कथनातलं, ते आज गप्पांत कुणी वापरत नाही. कादंबरीसाठी रूढ होतं ते दुसरं. आल्बेर काम्यूने मात्र 1942 सालच्या 'लेत्राँजे'त, म्हणजे आपण जिला 'आउटसायडर' म्हणून ओळखतो त्या कादंबरीत, बोलण्यातला भूतकाळ वापरला. त्यामुळे वाक्यं सुटी सुटी पडतात, एका घटनेतून दुसरी निघाली असं वाटत नाही. हातून खून होऊनही त्याचं पटण्याजोगं कारण देऊ न शकणारा नायक त्या क्रियापदांतूनच उभा राहतो. तक्ता पाठ करून रूपं येतात. त्यांच्यातलं अंतर कळायला कादंबरीच लागते.

मग अनुवाद वाचावा, असं कुणी म्हणेल. वाचावाच, पण काय हरवतं तेही पाहावं. रासीनच्या 1677च्या 'फेद्र' नाटकात राणी आपल्या सावत्र मुलाशी 'वू' म्हणत, म्हणजे आपल्या 'तुम्ही'च्या अंतरावरून, बोलत असते. मनातलं प्रेम उघड होतं त्या क्षणी ती 'त्यु'वर, सरळ 'तू'वर येते. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'च. 'अहो'चं 'अरे' झाल्यावर घरात काय होतं हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला मात्र ते चटकन कळेल. तरीही आपल्याकडे फ्रेंच बहुतेक इंग्रजीच्या आधाराने शिकवतात आणि हाताशी असलेला हा दुवा वाया घालवतात.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे : एका साम्राज्याच्या भाषेतून सुटून दुसऱ्या साम्राज्याच्या भाषेचं कौतुक कशाला? पण फ्रेंच आता एकट्या फ्रान्सची राहिलेली नाही. कॅरिबियनमधल्या मार्तिनिकच्या एमे सेझेरने 1939 साली याच भाषेत काळ्या माणसाचा स्वाभिमान मांडणारं दीर्घकाव्य लिहिलं. काम्यूच्या कादंबरीत मारला गेलेला अरब निनावी आहे. 2013 साली अल्जीरियाच्या कामेल दाऊदने त्या मृताच्या भावाला निवेदक केलं, मृताला मूसा हे नाव दिलं आणि कादंबरी फ्रेंचमध्येच लिहिली. हा जाब ऐकायला दोन्ही पुस्तकं वाचावी लागतात. तिथे पॅरिसचं गुणगान उपयोगाचं नाही आणि नुसता बहिष्कारही नाही.

राहिला भाषांतर करणाऱ्या यंत्राचा मुद्दा. हॉटेलचं आरक्षण, उपकरणाची माहितीपुस्तिका, करारातली साधी कलमं : एवढ्यासाठी यंत्र पुष्कळ झालं, आणि निव्वळ भाषांतराच्या नोकरीवर विसंबून पदवी घेऊ नये. पण एक खरं काम पाहा. जेझुइट अभ्यासक गी दलरी यांनी केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद 1956 साली पॅरिसच्या गालिमारने प्रसिद्ध केला. त्या काळी फ्रेंच कॅथलिक आपल्या मुख्य प्रार्थनेत देवाला 'वू' म्हणत. 'त्यु' असलेला पाठ चर्चने 1966 साली स्वीकारला. इकडे तुकोबा विठ्ठलाशी 'तू'ने बोलतात, त्याच्याशी भांडतात, प्रसंगी शिव्याही घालतात. अशा ओळीपुढे बसलेल्या अनुवादकाला सर्वनामांचा तक्ता, रासीनची राणी आणि चर्चमधली प्रार्थना हे सगळं एकाच वेळी आठवावं लागतं, आणि मग एक अक्षर लिहायचं असतं.