ओळंबा, गुण्या आणि रेषेचा चढ

परस्परांना लंब असलेल्या दोन रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, हा निर्देशक भूमितीतील नियम विद्यार्थी पाठ करतात. परंतु तिरक्या रेषेवर लंब काढावयास सांगितले की पुष्कळांचा हात कागदावर सरळ खाली येतो. हा दोष काही अंशी शब्दाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'लंब' हा शब्द लोंबण्याचा अर्थ असलेल्या संस्कृत धातूपासून आला. गवंड्याचा 'ओळंबा' हा 'अवलंब' याचाच तद्भव होय. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील 'लीलावती'त त्रिकोणाच्या पायास 'भूमी' व शिरोबिंदूतून तिच्यावर येणाऱ्या रेषेस 'लंब' म्हटले आहे. भूमी म्हटली की ती आडवीच मनात येते, आणि मग लंब आपोआप उभा ठरतो.

गवंड्याजवळ मात्र दुसरेही साधन असते, ते म्हणजे गुण्या. हा शब्द फारसी 'गोनिया'वरून आला असून त्याचे मूळ कोनवाचक ग्रीक शब्दात आहे. ओळंब्यास एकच दिशा कळते; गुण्या कसाही तिरका धरला तरी त्याचा काटकोन ढळत नाही. उपरोक्त नियम म्हणजे आकड्यांत मांडलेला गुण्याच.

परभणी जिल्ह्यातील शेताचेच उदाहरण घेऊ. पेरणी उताराला आडवी करावी, म्हणजे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरते, ही शिफारस येथे सर्वांच्या परिचयाची आहे. जिंतूरकडील डोंगराळ भागातील एका शेताच्या नकाशावर पूर्वेकडील अंतर क्ष व उत्तरेकडील अंतर य मानू. समजा, उतार एकसारखा असून पाणी (१, २) या बिंदूकडून (५, ४) कडे जाते. म्हणजे पूर्वेस ४, उत्तरेस २, चढ १/२. आता ही दिशा काटकोनातून डावीकडे फिरवावी. पूर्वेचे ४ उत्तरेस जातात आणि उत्तरेचे २ पश्चिमेस, अर्थात पूर्वेस −२. नवा चढ ४ भागिले −२, म्हणजे −२. अंश व छेद यांची अदलाबदल झाली आणि एकाचे चिन्ह पालटले. गुणाकार −१ येतो तो एवढ्यामुळेच. मधल्या (३, ३) या बिंदूतून जाणारे पेरणीचे तास य = ९ − २क्ष या रेषेवर पडेल; (२, ५) व (४, १) हे बिंदू तिच्यावरच आहेत.

येथे आणखी एक घोटाळा संभवतो. शेतकऱ्याचा 'उतार' उंचीतील घट सांगतो, तर नकाशावरील 'चढ' केवळ दिशा सांगतो. म्हणूनच वरील उदाहरणात पाणी ज्या रेषेने उतरते, तिचाच चढ धन आला! पाठ्यपुस्तकांत रूढ झालेला 'चढ' सुटसुटीत खरा. तथापि 'ऋण चढ' म्हणताना मराठी कान अडखळतो, कारण भाषेने चिन्हाचे काम 'चढ' व 'उतार' या दोन शब्दांत आधीच वाटून दिले आहे.

दोन्ही अक्षांवरील प्रमाण सारखे नसेल, तर काढलेल्या रेषा काटकोनात दिसणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. तसेच उभ्या रेषेच्या बाबतीत छेद शून्य येत असल्याने तिचा चढ सांगता येत नाही. ओळंब्यास कळणारी ती एकच दिशा नेमकी या नियमाबाहेर राहते. तेथे क्ष = ३ असे सरळ लिहावे आणि (३, ३) मधून जाणारा तिचा लंब य = ३ असा घ्यावा.