जास्त भिडू, सोपा डाव?

मे महिन्यात नाकाडोंगरीत दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. सुट्टीला आलेली मामे-मावस भावंडं पंख्याखाली बसतात आणि नागपूर-पुण्याहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून 'पॅन्डेमिक'चा खोका निघतो. जगाचा नकाशा, त्यावर चार रोग, आणि रोगांच्या तडाख्यातल्या शहरांत आपली मुंबईही. इथे एकमेकांना हरवायचं नसतं. सगळे मिळून रोगांशी लढायचं. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "अजून दोघांना बोलवा, सोपं जाईल."

सगळ्यात पक्का गैरसमज हाच. रोवणीला माणसं वाढली की बांधी लवकर उरकते, म्हणून तो पटतोही चटकन. पण मॅट लीकॉक यांच्या 2008 सालच्या या खेळात माणसं वाढली तरी वेळ वाढत नाही. इथलं घड्याळ म्हणजे पत्त्यांची गड्डी: शहरांचे 48 पत्ते, विशेष घटनांचे 5, आणि त्यात मिसळलेले एपिडेमिकचे 4 ते 6. दर पाळीला दोन पत्ते उचलायचे. उचलायला पत्ते उरले नाहीत की डाव हरला. म्हणजे साऱ्यांच्या मिळून साधारण 25 पाळ्या. दोघे असतील तर प्रत्येकाला बारा-तेरा, चौघे असतील तर जेमतेम सहा. एका पाळीत चार चाली. या शंभरेक चाली दोघांनी वाटून घ्या की चौघांनी, बेरीज तीच.

खरी कोंडी होते पत्त्यांमुळे. औषध शोधायला एकाच हातात एका रंगाचे पाच पत्ते लागतात, आणि चौघांत ते विखुरतात. पत्ता द्यायचा तर दोघे एकाच शहरात हवेत आणि पत्ताही त्याच शहराचा हवा. मुंबईचा पत्ता मुंबईतच देता येतो. अशा भेटी घडवण्यातच चाली खर्च होतात. त्यात प्रत्येक पाळीनंतर रोग पसरतो, सुरुवातीला दोन-दोन शहरांत. तुमची पाळी परत येईपर्यंत दोघांच्या डावात रोगाचे चार पत्ते उलटतात, चौघांच्या डावात आठ.

काहींना वाटतं, कंपनीनं हे सगळं सारखं करून ठेवलंय. सुरुवातीला दोघांना चार-चार, तिघांना तीन-तीन, चौघांना दोन-दोन पत्ते मिळतात, हे खरं. पण त्यानं फक्त गड्डीची लांबी जवळपास सारखी राहते; विखुरलेले पत्ते एका हाती आणणं सोपं होत नाही.

मग दोघेच बरे, असा नियम करावा का? नाही. दोघांत विशेष कौशल्याच्या भूमिकाही दोनच असतात. आणि प्रत्येक खेळाची रचना निराळी. आर. एरिक रॉयस यांच्या 'स्पिरिट आयलंड'मध्ये (2017) दर भिडूमागे बेटाचा एक तुकडा वाढतो, त्यावरचे आक्रमकही वाढतात आणि सगळे एकाच वेळी खेळतात. तिथे पॅन्डेमिकचा हिशेब लागू पडत नाही. आंत्वान बोझा यांच्या 'हनाबी'त (2010) आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, इतरांना दिसतात. दोघांच्या डावात हातात पाच-पाच, पाच जणांत चार-चार. 50 पत्त्यांपैकी पाच जणांच्या हातातच 20 जातात, म्हणून पत्ता लावण्या-टाकण्याच्या संधी शेवटची फेरी धरून 35 च उरतात. दोघांत त्या 42 असतात. लावायचे मात्र दोन्हीकडे 25 च. उलट पाच जणांत तुम्हाला समोर 16 पत्ते दिसतात, दोघांत पाचच. सोपं कुठलं, हे एका शब्दात सांगता येत नाही, आणि मला हा खेळ म्हणूनच फार आवडतो.

पॅन्डेमिकमध्ये काठिण्य ठरवण्याची कळ म्हणजे एपिडेमिकचे पत्ते: नवख्यांना 4, सरावलेल्यांना 5, कसलेल्यांना 6. चौघे नवखे बसणार असतील तर 4 च घ्या आणि एकाला रिसर्चरची भूमिका द्या. त्याला आपल्या हातातला कुठल्याही शहराचा पत्ता देता येतो. जोडीदार त्याच्याच शहरात असला की पुरे.